सगळ्याला हो

माझ्या सासूबाई, मोतीबाई, पालेगावच्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत धवले गाण्याचा मान त्यांचा. आणि नेमकी पोटच्या किर्तीची हळद तोंडावर आली, तेव्हा त्यांच्या गालात कळा सुरू झाल्या. घास चावला की कळ, पंख्याचा वारा लागला की कळ, गायला तोंड उघडलं की कळ. दातच असणार म्हणून दोन धडधाकट दाढा काढून झाल्या, मशेरी दाबून झाली, नजर उतरवून झाली. दुखणं दातांचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे, हे बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

उपायात कापाकापी नव्हती. एक्स-रेच्या पडद्यावर बघत गालातून सुई नसेच्या मुळाशी न्यायची आणि तिथे शेक देऊन नस गप्प करायची. त्याआधी पेशंटला गुंगीतून जागं करून हलका करंट सोडतात. मुंग्या दुखऱ्या जागीच यायला हव्यात. चुकून डोळ्याकडची नस भाजली तर डोळा बधिर होतो, आत कचरा गेला तरी कळत नाही.

निघताना माझ्या नवऱ्याने, कमलेशने, आईला बजावलं होतं की मोठ्या डॉक्टर आहेत, वाद घालू नकोस, सगळ्याला हो म्हण. आमच्या घरात यालाच चांगलं वागणं म्हणतात.

सासूबाईंना आत नेल्यावर बाहेर मला एका जागी बसवेना. दाराशी जायचं, परत यायचं, पुन्हा दाराशी. कमलेश फोनवर हळदीच्या बँडवाल्याशी घासाघीस करत होता आणि मला त्याचा भयंकर राग येत होता. तेवढ्यात नर्सने मला आत बोलावलं. मुंग्या गालात येतात का, विचारलं तरी सासूबाई हो म्हणत होत्या, कपाळात येतात का, तरीही हो. डॉक्टर हात आवरून थांबल्या होत्या.

अंगावर एक्स-रे अडवणारा जड एप्रन चढवून मी सासूबाईंच्या कानाशी वाकले.

"आये, खोटं हो बोललीस तर किर्तीच्या हलदीला दुसरी धवलारीण आणीन."

त्यांनी झटकन डोळे उघडले. "गालान नाय गो. डोल्याचे वर मुंग्या येतान."

डॉक्टरांनी पडद्याकडे बघत सुई जराशी सरकवली आणि पुन्हा विचारलं. या खेपेला सासूबाईंनी आधी नीट विचार केला, मग गाल म्हणाल्या. मला बाहेर पाठवलं आणि त्यांना परत गुंगी दिली.

घरी आल्यावर त्यांनी पंखा मोठा करून बघितला. कळ आली नाही. अर्धा ओठ मात्र बधिर होता आणि तो हळदीपर्यंत सुधारेल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. त्यांनी हलक्या आवाजात धवला धरला. शब्द ओठावरून घसरत होते. मधेच थांबून त्या माझ्याकडे वळल्या.

"भाविका, खरं सांग. बरा लागतं?"

हो अगदी जिभेवर आलं होतं. "नाय," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

त्यांनी पदराने ओठाची कड टिपली आणि चटईवर सरकून जागा केली.

"मंग बस माझे बाजून. जठं माझं तोंड अडकल, तठं तू गा."