बसतो की चावतो

माझ्या पायाला कोणी हात लावायचा नाही, असं मी सुनेला दोन वर्षं बजावत होते आणि दोन वर्षं ती ऐकत नव्हती.

"अहो आई, नुसतं मापच तर द्यायचंय," रादाना म्हणायची. "ते काय पाय ठेवून घेणार आहेत का तुमचा?"

पाय नाही, पण बोट जायची वेळ आली होती. माझ्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलंय. त्याच्या डोक्यावर कुरूप, कुरुपाखाली जखम, आणि ती जखम अख्खा हिवाळा भरली नाही. डॉक्टर म्हणाला, "आजी, पुढून ऐसपैस असलेले मऊ चामड्याचे बूट रोज घाला. नाहीतर वर्षभरात हे बोट काढून टाकू. तसाही त्याचा आता काही उपयोग नाही." उपयोग नाही म्हणे! बोट माझं आणि उपयोग हा ठरवणार.

तोवर मी मेलेल्या नवऱ्याच्या फेल्टच्या सपाता घालून सगळीकडे फिरत होते. पाव आणायला सपाता, आलुबुखाराच्या झाडांखाली सपाता, चर्चमध्येसुद्धा सपाता. फादर बिचारे माझ्या तोंडाकडे बघायचे, खाली बघायचे नाहीत. कोणाकडे गेलं की दारातच बूट काढायचे आणि घरची बाई पुढे करील त्या सपाता घालायच्या, ही आमच्याकडची रीत. पण गेली तीस वर्षं मी माझ्या सपाता पिशवीत घालून नेते, पुढून गच्च बंद असलेल्या. मुलानेसुद्धा माझी बोटं धड बघितलेली नाहीत.

तसे ऐसपैस बूट आमच्या वर्बोवा गावात एकाच ठिकाणी मिळतात. इंजिनियर स्लेझाककडे. आणि त्या माणसाच्या दारात पाय ठेवायचा नाही, अशी मी शपथ घेतली होती. का ते ऐका.

हे गाव बुटांचं. एका सरकारी कारखान्यावर सगळं गाव जगत होतं. मी एकोणीस वर्षांची असताना तिथे वरची चामडी शिवायला लागले. तिसऱ्या महिन्यात पांढरा कोट घातलेला एक तरणाबांड इंजिनियर हातात पट्टी घेऊन आमच्या ओळीत आला आणि एकेकीचं पाऊल मोजत सुटला. तोच हा स्लेझाक. माझं पाऊल मोजून तो जागच्या जागी उभा राहिला. सदतीस नंबर, मिलिमीटरचाही फरक नाही. बोटं सरळ, चवडा रुंद, टाच गोल. "सोन्याचा पाय आहे," म्हणाला. मी लाजून लाल झाले, मूर्ख कुठली!

त्या दिवसापासून मी कारखान्याचा नमुन्याचा पाय झाले. दर गुरुवारी नमुन्यांच्या खोलीत जायचं, नवा बूट घालायचा, लिनोलियमवर चौदा पावलं चालायचं, वळायचं, चौदा पावलं परत यायचं. मग स्लेझाकने विचारायचं, "तर कॉम्रेड, बसतो की चावतो?" त्याच्या कागदावर दोन चौकोन असत. एक 'बसतो'चा, एक 'चावतो'चा. मी बोलेन त्या चौकोनात फुली पडायची आणि तो बूट लाखभर बायकांच्या पायात जायचा.

पहिल्याच वर्षी एक निमुळता काळा बूट आला. पुढून इतका अरुंद की पाचही बोटं एकमेकांच्या मांडीवर बसली. मी आपलं खरं सांगितलं, चावतो. तो नमुना वरून मंजूर होऊन आला होता, फुली ही नुसती सही होती. स्लेझाक मला म्हणाला, अगदी गोड आवाजात, "बुटात काही दोष नाही, कॉम्रेड. दोष तुमच्या पायात आहे." आणि माझ्या 'चावतो'पायी चाळीस शिवणाऱ्या बायकांना शनिवार-रविवार बोलावून त्याच बुटाचा दुसरा नमुना करायला लावला. तो पहिल्यापेक्षा अरुंद निघाला! सोमवारी खानावळीत माझ्या टेबलावर एकही बाई बसली नाही. मिलाडा, माझी बालमैत्रीण, ताट घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे जाऊन बसली.

त्यानंतर एकोणीस वर्षं मी 'बसतो' म्हणाले. दर गुरुवारी. रक्त आलं तरी बसतो. मोजे भिजले तरी बसतो. कारखाना बंद पडेपर्यंत. आणि गावातली कोणी बाई दुकानात जाऊन कुरकुरली की दुकानदारीण म्हणायची, "काहीतरीच काय! व्लास्ताला तर बसला." आज मिलाडा काठी घेऊन चालते. तिची बोटं माझ्याच बोटांची भावंडं शोभतील.

आणि हा स्लेझाक? कारखाना बंद झाल्यावर दहा वर्षं गायब होता, मग त्याच इमारतीच्या तळमजल्यावर याने कार्यशाळा काढली. 'अनवाणी' बुटांची! बूट घालून अनवाणी, ऐका म्हणजे! पुढून रुंद, टाच नाही, सोल भाकरीएवढं पातळ, चामडं हातमोज्याचं. टीव्हीवर येऊन सांगतो, "मंडळी, बोटांना श्वास घेऊ द्या. पायावर अत्याचार करू नका." ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टीव्हीला सपात फेकून मारली. रादानाला वाटलं सासूबाईंचं डोकं फिरलं.

पण बोट गेल्यावर चालायचं कसं? मला माझ्या पायांनी बागेत जायचं होतं, कुणाच्या गाडीत बसून नाही. एवढंच हवं होतं. म्हणून त्या मंगळवारी मी दातओठ खात रादानाबरोबर गेले.

दारावर पाटी: 'पाय, जसा निसर्गाने दिला'. आत ताज्या लाकडाचा वास, भिंतभर फर्मे टांगलेले. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, ज्याच्यावर चामडं ओढून बूट करतात. सगळे फर्मे पुढून बदकाच्या पायासारखे पसरट. एक तरुण जोडपं पोराला बूट घालून बघत होतं. आणि चामड्याचा एप्रन लावून, पांढरी दाढी राखून, तो.

त्याने मला लगेच ओळखलं. मला वाटलं होतं थोडा तरी चपापेल. कसचं काय! दोन्ही हात पसरून पुढे आला.

"व्लास्ताबाई! अहो, या या! मंडळी, या कोण आहेत माहितीये का? अख्ख्या देशाचे बूट या बाईंच्या पायावर बेतलेले आहेत! सोन्याचा पाय!"

तरुण जोडप्याने टाळ्या वाजवल्या. रादानाने माझ्याकडे डोळे विस्फारून बघितलं. "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"बोलण्यासारखं काय होतं त्यात," मी म्हणाले.

"मोजे काढता?" स्लेझाक.

"मोजे राहू देत, इंजिनियरसाहेब. माप मला ठाऊक आहे. आता एकोणचाळीस लागतं."

त्याने आग्रह केला नाही. पायाकडे बघितलंही नाही. बोलतच होता, जर्मनीत भाषण दिलं, प्रागला बक्षीस मिळालं, आणि बोलता बोलता एक खोका काढला. विटकरी रंगाचे, नाड्यांचे, साधे बूट. शिवण बघितली मी. टाके सारखे, सुबक. काम चांगलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

पाय आत गेला आणि काय सांगू, अंगठा सरळ झाला. म्हणजे होईल तेवढा. करंगळीला शेजारी जागा सापडली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा बुटात माझी बोटं हलली. इतकं बरं वाटलं की त्याचाच मला राग आला. या माणसाच्या दुकानात मी रडणार नव्हते.

मग मी उठून चालले. रुंदी होती, पण उंची नव्हती. वर चढलेलं दुसरं बोट बुटाच्या छताला घासत होतं. कुरूप अगदी बरोबर चामड्याखाली, तिसऱ्या पावलापासून ठणका. मी चालत राहिले. चौदा पावलं, वळले, चौदा पावलं. कोणी मोजायला सांगितलं नव्हतं.

मागून त्याचा आवाज आला, त्याच सुरात. "तर व्लास्ताबाई, बसतो की चावतो?"

"बसतो," मी म्हणाले.

जीभ झडो माझी! विचार करायच्या आधी शब्द बाहेर पडला. एकोणीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप सुटली, शिंक सुटावी तशी. बोट ओरडत होतं आणि तोंड 'बसतो' म्हणत होतं.

रादाना खूश. "बघा, मी म्हणत नव्हते? दोन वर्षं उगीच नखरे केलेत!" तिने पाकीट काढलं. स्लेझाक खोक्याला दोरी बांधायला लागला. आणि मी तिथे उभी, आणि मला दिसलं की हे बूट मी घरी नेणार, रोज घालणार, कोणी विचारलं की बसतो म्हणणार, आणि पुढच्या वर्षी तो डॉक्टर माझं बोट कापून बशीत ठेवणार.

"चावतो," मी म्हणाले.

कोणाला ऐकूच गेलं नाही. मग मी ओरडले. "चावतो! बूट चावतो!"

पोरगं दचकून आईला बिलगलं. स्लेझाक हसला. "अहो व्लास्ताबाई, हा फर्मा चावूच शकत नाही. अठरा हजार पायांवर तपासलाय. चामडं नवं आहे, सैल होईल. शिवाय तुमचा पाय..."

तो थांबला.

"बोला ना," मी म्हणाले. "वाक्य पुरं करा. पाठ आहे मला. दोष तुमच्या पायात आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं होतं? एकदा तरी सांग की रे!" अहो-जाहो तिथेच गळून पडलं. "पन्नास वर्षं मी वाट बघतेय, एकदा तरी सांग!"

"आई, लोक बघतायत," रादाना कुजबुजली.

"बघू देत! आजवर कोणी बघितलं नाही म्हणून तर हे झालं." मी खुर्चीवर बसले आणि डावा मोजा ओढून काढला. कापसाची पट्टी सोडली. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड, आडवा झालेला अंगठा, त्याच्यावर स्वार झालेलं बोट, लाल जखम. रादानाने तोंडावर हात ठेवला. तरुण बापाने पोराचं तोंड दुसरीकडे वळवलं.

"बघ नीट. हाच तुझा सोन्याचा पाय. बाहेर पाटी लावलीयेस ना, निसर्गाने दिला म्हणून? निसर्गाने दिलेला पाय तू निमुळत्या बुटांत घालून चौदा पावलं चालवलास, दर गुरुवारी. हा पाय निसर्गाचा नाही. हा तुझा आहे. आणि तुझ्याच भिंतीवर याच्यासाठी एक फर्मा नाही!"

स्लेझाकचा चेहरा पांढरा पडला. "नमुने वरून यायचे, व्लास्ता," तो हळू म्हणाला. "माझ्या हातात काय होतं? मी नाही म्हणालो असतो तर..."

"तर तुझ्या टेबलावर कोणी जेवायला बसलं नसतं. ठाऊक आहे मला, मी जेवलेय तशी. आणि नंतर मीही घाबरूनच बसतो म्हणाले, ते कबूल करते मी. पण तू पाटी बदललीस, दाढी वाढवलीस, टीव्हीवर गेलास. मी बोट कुठे बदलून आणू?"

मग त्याने टेबलावरचा मोठा कागद काढून माझ्यासमोर जमिनीवर अंथरला आणि गुडघ्यावर बसला. बसताना त्याचे गुडघे वाजले. मी उभी राहून कागदावर सगळा भार दिला. पेन्सिल टाचेपासून निघाली, बाहेरच्या बाजूने वर आली, करंगळीला वळसा घालून पुढे सरकली आणि दुसऱ्या बोटाशी अडली.

"हे वर आहे," तो म्हणाला. "रेघ कुठून काढू कळत नाही."

"वर चढवलंस तेव्हा कळलं बरोबर."

त्याने मान खाली घातली. पट्टी घेऊन बोटाची उंची मोजली. एकदा, मग परत एकदा. मग माझ्याकडे वर न बघता विचारलं, "कुठे चावतो?"

एवढे गुरुवार गेले, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. मी बोट ठेवून ठेवून दाखवलं. इथे. इथे. हाडापाशी इथे. तो खुणा करत गेला. संपल्यावर कागदाच्या कोपऱ्यात त्याने सवयीने 'व्लास्ता, ३७' असं लिहिलं. मी पेन्सिल त्याच्या हातातून ओढून घेतली, ते खोडलं, आणि खाली मोठ्या अक्षरात 'चावतो' लिहिलं.

"फर्म्याला तीन आठवडे लागतील," तो म्हणाला.

"लागू देत. आणि तो फर्मा टाकून द्यायचा नाही, भिंतीवर टांगायचा, आल्या आल्या दिसेल असा. गुरुवारी मिलाडा येईल. तिच्यामागून आमची सगळी ओळ येईल. प्रत्येकीला मोजे काढायला सांगायचं, समजलं?"

"समजलं," तो जमिनीवरूनच म्हणाला.

नवऱ्याच्या सपाता घालून मी बाहेर पडले. नदीच्या पुलाशी रादानाने माझा हात धरला.

"आई, केवढ्या चिडलात हो तुम्ही! इतका चावत होता तो बूट?"

"नाही ग," मी म्हणाले. "थोडासाच. पहिल्यांदा 'बसतो' म्हणाले, तेव्हाही थोडासाच चावला होता."