तीन झटक्यांचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे. अलीगढचं, वजनाला पाऊण किलो. मित्रांनो, वजन मुद्दाम सांगितलं. माझे मालक डॉ. चंद्रशेखर साळवे यांनी मला आधी तळहातावर तोललं आणि मग विचारलं, "टूटेगा तो नहीं?"

"साहब, दरवाज़ा टूटेगा, यह नहीं," दुकानदार म्हणाला.

साळवे मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. औषधांच्या संशोधनासाठी लखनऊला आले आणि जानकीपुरमला घर बांधून राहिले. बाहेरच्या खोलीतला भाडेकरू दोन वर्षं हलेना. तो गेला त्याच दिवशी तिथे मी लटकलो. आत एक खाट, एक शेगडी, एक कुकर.

दर रविवारी उपासनेला निघताना दोघं पायरीवर डोळे मिटत. अरुणाबाई म्हणत, "प्रभू, हे घर तुझ्या हाती." आमेन झालं की साहेब मला तीन झटके देऊन बघत.

"एक पित्याचा, एक पुत्राचा, एक पवित्र आत्म्याचा," बाई म्हणत.

"कुलूप लावू नका असं शास्त्रात कुठे लिहिलंय?"

मित्रांनो, अकरा वर्षं मी मोजत होतो. आमेन कधी घाईत उरकलं गेलं, झटका एकही चुकला नाही. ओढूनही उघडत नाही म्हणून पाहुण्यांसमोर माझं कौतुक व्हायचं.

मग एका रविवारी पादरीसाहेब घरी आले. म्हणाले, गोंड्याहून ईश्वर आणि कांता हे जोडपं उपचारासाठी लखनऊला आलंय. मुलगी अंतरा आठ वर्षांची, तिला रक्ताचा कॅन्सर. उपचार आठ महिन्यांचे, आणि तिघं रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपत होते. "डॉक्टर साहब, बाहर वाला कमरा ख़ाली है न?"

साहेब म्हणाले, "प्रार्थना करतो." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बरेचदा विषय तिथेच संपे.

पादरी गेल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, इतकी औषधं काढलीत. माणसाला पहिला डोस देताना पक्की खात्री असायची?"

"आधी उंदरांना देत होतो."

"अच्छा. मग इथे उंदीर आपण व्हायचं."

साहेब उठून आत गेले. मग किल्ली घेऊन आले. इतक्या वर्षांत मला तेल कुणी दाखवलं नव्हतं, मी चौथ्या प्रयत्नाला उघडलो. त्यांनी मला बाहेर खिळ्याला अडकवलं.

आठ महिन्यांनी अंतराच्या डोक्यावर बोटभर केस आले आणि ती चालत घरी गेली. साहेब खूश. पण पुढचं कुटुंब एका सकाळी न सांगता निघून गेलं, कुकरसकट. साहेबांनी मला पुन्हा कडीला चढवलं. तीन झटके. चौथाही दिला.

महिन्याभराने पादरींचा फोन आला. एक म्हातारा, बायकोला डायलिसिस.

"कुकर गेला," साहेब म्हणाले.

"हाँ, गेला," बाई म्हणाल्या. "खोली आहे ना?"

"आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"होईलही. विश्वास म्हणजे चोरीचा विमा आहे का?"

साहेब पायरीवर आले. मला हातात धरून त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशीचं आमेन घाईचं नव्हतं. मग किल्ली फिरली.

मित्रांनो, मी अजून त्या खिळ्यालाच आहे. गंज चढलाय. या वयात माझ्या जातीची कुलपं तेल मागतात, मी मागत नाही. तुमच्या घरीही एखादं कुलूप असेल. दाराला नसेल तर छातीत असेल. प्रार्थना झाल्यावर हात त्याच्याकडे जातो का, एवढं बघा.

परवा रविवारी आमेननंतर साहेबांचा हात सवयीने कडीकडे गेला. कडी मोकळी होती. आत नव्या कुकरची शिट्टी झाली. साहेबांनी बोटावर मोजलं, "एक." आणि आणखी दोन होईपर्यंत थांबले.