बाळ्याचा अर्धा कान

आमच्या विंझरच्या घरात नवसाच्या बोकडाचं नाव ठेवायचं नाही, हा मामंजींचा कायदा. नाव ठेवलं की जीव जडतो, आणि हा बोकड तर डोंगरावरच्या देवीचा. विहिरीला पाणी लागावं म्हणून मामंजींनी नवस बोलला होता आणि पाणी लागलं होतं. माझ्या सासूबाईंनी, धोंडाबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते), बोकड घरी आला त्याच दिवशी त्याला बाळ्या म्हणायला सुरुवात केली. कायदे मोडावेत तर आत्याबाईंनीच.

जत्रा जवळ आली आणि बाळ्याच्या कानाच्या टोकाला बोराएवढी लालभडक गाठ उगवली. जरा खरचटलं की रक्त. आत्याबाईंना केवढा आनंद!

"खोड असलेलं जनावर देवीचा गुरव घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "देवीनंच नगं म्हटलं."

"मग बरं करू," मामंजी म्हणाले आणि त्यांनी भोरच्या जनावरांच्या डॉक्टरांना मोबाईल लावला.

इरफान डॉक्टर मोटारसायकलवरून आले. त्यांनी गाठ निरखली. "रक्तवाहिन्यांची गाठ आहे. गोचीड-पिसवांमधून काही जंतू रक्तात शिरतात. अशा गाठी झालेल्या कुत्र्यांत ते सापडलेत. गाठ त्यांच्यामुळंच होते, असं अजून कुणी छातीठोक सांगत नाही. बोकडात तर मी पहिल्यांदाच बघतोय. काढून पुण्याला तपासायला पाठवू."

"कान किती जाईल?" मामंजींनी विचारलं.

"नखाएवढा."

"नखाएवढं गुरव बी बगत न्हाई!" मामंजी खूश झाले आणि डॉक्टरांनी सुई काढताच चहाचं निमित्त करून मागल्या दारी पळाले. त्यांना रक्त बघवत नाही. नवस बोलताना हे आठवलं नव्हतं वाटतं!

मी बाळ्याचे पाय धरले, आत्याबाईंनी कान. कान बधिर झाला तशी त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, जंतू गाठीपास्नं किती लांब जात असतील?"

"सांगता येत नाही. म्हणून भोवतीचं थोडं चांगलं कातडंही घेतो."

"थोडं कशाला? हात मोकळा सोडून घ्या की." त्यांनी बोट थेट अर्ध्या कानावर ठेवलं.

"गाठीसाठी एवढं लागत नाही, मावशी."

"बोकडासाठी लागतंय."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग बाळ्याकडं पाहिलं. तो निवांतपणे डॉक्टरांचाच सदरा चघळत होता.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "गाठ पुन्हा उगवायला नको." मी ओठ चावून हसू दाबलं.

मामंजी चहा घेऊन आले आणि उरलेला अर्धा कान बघून कपासकट थिजले. "आता गुरवाला काय दावू?" म्हणून दिवसभर धुमसत राहिले. पुण्याहून कळलं, गाठ साधी होती, जंतूंचा पत्ता लागला नाही, पण गोचीड काढत राहा. बाळ्या मात्र जन्माचा सुटला. त्या दिवशी मी आत्याबाईंना मिठीच मारली.

मामंजींनी पुढच्या जत्रेसाठी वेल्ह्याच्या बाजारातून दुसरं करडू आणलं. "ह्याचं नाव कुनी ठिवायचं न्हाई!" आत्याबाई इतक्या मुकाट्यानं हो म्हणाल्या की मलाच संशय आला.

पण त्यांना काही करावंच लागलं नाही. एका संध्याकाळी मी वैरण घेऊन गोठ्यात गेले, तर मामंजी करडू मांडीवर घेऊन गोचीड काढत बसलेले. त्याचा कान उजेडाकडं वळवून ते म्हणत होते, "हलू नगं, सोन्या."

मला बघून दचकले. मग म्हणाले, "सूनबाई, हितं जरा लाल दिसतंय का गं?"

"नाही, मामंजी."

"नीट बग की! आन डॉक्टरला फोन लाव."