गाण्यातला थांबा

अरिबा बोलताना अडखळायची, गाताना नाही. ‘म’ने सुरू होणारा शब्द आला की तिचे ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. देवळाली कॅम्पच्या बाजारात मेथी हवी असली तर ती नुसतं बोट दाखवायची. गाण्यात मात्र तोच ‘म’ अलगद सुटायचा. कॉलेजपासूनची तिची मैत्रीण वेदिका घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला गोधड्या लावून, गाणी रेकॉर्ड करायची. ‘मला हाक मार’ हे तिचं नवं गाणं अरिबानं गायलं होतं.

आठवड्यानं वेदिकानं तयार गाणं ऐकवलं. अरिबा डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज एकदम तुटला. म-म-म-मला. तिनं हेडफोन काढले. स्क्रीनवर त्या इफेक्टचं नाव होतं, ‘स्टटर’. म्हणजे तोतरेपणा.

“हे... म...” शब्द पुढे सरकेना. वेदिका थांबली. अरिबाचा अडलेला शब्द ती कधीच पुरा करायची नाही. “...मुद्दाम केलंस?”

“नाही गं! हल्ली खूप गाण्यांत असतं. आवाजाचा बारीक तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. लावताना तुझं बोलणं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.” हे सांगताना वेदिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काढून टाकते.”

अरिबा तिच्याकडे बघत राहिली.

“खरंच आलं नाही?”

“नाही.”

“लोकांना अडखळणंच लक्षात राहतं,” अरिबा हळूच म्हणाली. “आणि तू विसरलीस?” ती हसली. हसताना तिचे डोळे भरून आले.

वेदिकाचा हात माउसवर होता. अरिबानं तो धरला.

“काढू नकोस. पण हे खोटं आहे. बोलताना असे तुकडे पडत नाहीत. आधी काहीच येत नाही. नुसती शांतता. नंतर शब्द.”

दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या. पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे पुसले. ‘मला’च्या अगदी आधी सगळं वाजणं थांबवलं, तबलासुद्धा. उरला फक्त अरिबाचा आत घेतलेला श्वास.

“अजून थांबव,” अरिबा म्हणाली.

“लोकांना वाटेल नेट गेलं.”

“वाटू दे. थांबतील.”

गाणं इंटरनेटवर टाकल्यावर दोघातिघांनी ‘फाइल खराब आहे’ असं लिहिलंच. अरिबाला त्याचं काही वाटलं नाही.

तिनं ते अम्मीला, अमिनाबींना, स्वयंपाकघरात ऐकवलं. कणीक मळता मळता त्या मान डोलावत होत्या. दुसऱ्या कडव्यात गाणं थांबलं, तसे त्यांचेही हात थांबले. लेक बोलताना अडली की झुकायच्या तशाच त्या किंचित पुढे झुकल्या, श्वास रोखून.

मग ‘मला’ आला.

“आला,” अमिनाबी म्हणाल्या, आणि पिठाच्या हातानंच त्यांनी अरिबाला जवळ ओढलं.