पिवळ्या रेनकोटातली मुलगी

आई गेल्यानंतर सात महिने तिनं कंट्रोलरला हात लावला नव्हता. आणि मग दोनच महिन्यांत तिनं तीन गेम संपवले. कुणी मागे लागल्यासारखे, एकामागून एक.

ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. एकोणीस वर्षं झाली होती त्याला. दवाखान्यांतून खोक्यात भरून जबड्यांचे साचे यायचे, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. ती प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, दाढा जुळतात का ते डोळ्यांजवळ धरून बघायची. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्या हातचं काम होतं, पण त्यातल्या एकालाही तिनं हसताना पाहिलं नव्हतं. समोरच्या टेबलावर पॉलिशवाले काका बसत. त्यांच्या यंत्राच्या घरघरीत बोललेलं ऐकू जात नसे, त्यामुळे दोघांचं बोलणं चहापुरतं. त्यातलं निम्मं साखरेबद्दल.

चाळिशीला एक वर्ष कमी होतं. लग्न झालं नव्हतं, म्हणजे तिनं केलं नव्हतं, म्हणजे खरं तर दोन्ही थोडं थोडं. तिला एकच नाद होता, गेमचा. संध्याकाळी सहाला घरी आली की हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायची. गेम संपला की एका जाड वहीत त्याच्याबद्दल एक पान लिहायची. कुणाला दाखवायला नाही. संपलेल्या गोष्टीला काहीतरी शेवटचं म्हणावं, एवढंच.

पहिला होता ट्रकचा. माल भरायचा, शेकडो मैल न्यायचा, उतरवायचा, पुन्हा भरायचा. नवीन काही शिकायला नको म्हणून तिनं तो घेतला. वहीत लिहिलं: 'रस्ते सुंदर. पावसात वायपरचा आवाज अगदी खरा. पण या ट्रकवाल्याला चाळीस तासांत कुणी फोन केला नाही. माल मिळाल्यावर गोदामातला माणूससुद्धा दिसत नाही, नुसती पावती येते. शेवटी बनवणाऱ्यांची नावं आली, ती सगळी वाचली. कुठेतरी माणसं होती म्हणून बरं वाटलं.'

दुसरा गावाचा. एका खेड्यात राहायला जायचं, शेजाऱ्यांना भेटी द्यायच्या, मैत्री वाढवायची. तिनं नेटानं चौतीसच्या चौतीस माणसांशी पूर्ण मैत्री केली. लोहाराला कोळसा, मास्तरीणबाईंना फुलं, एका खडूस म्हातारीला रोज एक अंडं. सगळ्यांशी मैत्री पूर्ण झाल्यावर मात्र त्यांचं बोलणं संपलं. लोहार रोज एकच वाक्य म्हणू लागला, 'तुझ्यासारखी शेजारीण मिळाली, भाग्य माझं!' सोमवारीही तेच, मंगळवारीही तेच. तिनं त्याला अंडं दिलं, तरी तेच. वहीत तिनं लिहिलं: 'अनोळखी होते तेव्हा जास्त बोलत होते.' मग ते वाक्य खोडलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तसंच लिहिलं.

तिसरा दिव्याचा. हा गेम तिनं आई असतानाच सुरू केला होता आणि अर्ध्यावर सोडला होता.

समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह, आणि तिथं एकटा राहणारा एक म्हातारा. दिवा कायमचा बंद करायचा हुकूम घेऊन पिवळ्या रेनकोटातली एक सरकारी मुलगी बोटीनं येते. आपण म्हणजे ती मुलगी. तिला बोलणं नाही; घरातल्या वस्तू शोधून पुढे ठेवत म्हाताऱ्याला हळूहळू तयार करायचं, सामान बांधायचं, दिवा विझवायचा.

आईला दम्यानं घराबाहेर पडणं जमेनासं झालं होतं. ती शेजारच्या खुर्चीत बसून हे सगळं बघायची, आणि बघायची म्हणजे गप्प बसून नव्हे.

"अगं, तो जेवला का?"

"आई, गेम आहे तो."

"गेम असू दे. दोन ताटं मांडलीत त्यानं. म्हणजे कुणीतरी यायचंय."

"कुणी नाही यायचं. मला आता किल्ली शोधायची आहे, बोलू नकोस ना."

"किल्ली त्याला विचार की! घर त्याचं, आणि तू आपली कपाटं उचकतेस."

सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढे पुढे ती वैतागायला लागली. दिवसभर काकांच्या यंत्राची घरघर, आणि घरी आल्यावर ही प्रश्नांची सरबत्ती. एका शनिवारी तिनं हेडफोन आणले. आईनं विचारलं, "म्हणजे आता मला ऐकू नाही येणार?" ती म्हणाली, "तुलाही जरा शांतता मिळेल." आईनं मान हलवली. त्यानंतर ती खुर्चीत बसून नुसतं चित्र बघायची. चार महिने. मग दवाखान्यातले आठ दिवस, आणि मग काही नाही.

आता तो गेम तिनं तीन रविवारांत संपवला. शेवट असा होता: म्हातारा स्वतःच दिवा विझवतो, पेटी उचलतो, बोटीत बसतो आणि एकदाही मागे वळून बघत नाही. दुसरं ताट त्याच्या भावाचं होतं. तो तीस वर्षांपूर्वी भांडून गेला होता. गेममध्ये हे कळायला एक पत्र सापडावं लागतं. ते तिला आता सापडलं, जिन्याखालच्या डब्यात.

पडद्यावर नावं सरकू लागली. दुपारचे साडेचार झाले होते. ती शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणणार होती, "भाऊ होता गं, भाऊ." तोंड उघडलंही होतं. ते तसंच मिटून ती उठली आणि पाणी प्यायली. वहीचं पान तिनं त्या दिवशी लिहिलं नाही.

सोमवारी चहाच्या वेळी तिनं काकांना सांगून पाहिलं. दीपगृह, म्हातारा, दोन ताटं, भावाचं पत्र. काकांनी कप खाली ठेवून मन लावून ऐकलं. भला माणूस.

"मग त्यात जिंकायचं काय असतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. संपतं."

"अस्सं," काका म्हणाले आणि आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "साखर बरोबर होती ना आज?"

त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी मावशीचा फोन आला. आईची धाकटी बहीण, दोन गावं पलीकडे राहणारी, गुडघ्यांनी जेरीस आलेली. आई गेल्यावर तिनं चार-सहा वेळा फोन केले होते, पण प्रत्येक वेळी दोघींचं बोलणं रडण्यातच संपायचं, म्हणून हिनंच हळूहळू उचलणं बंद केलं होतं. आज मात्र तिनं उचलला.

"काय गं, तुझ्या आईचा चष्मा आहे का घरात?" मावशीनं सुरुवातच तिथून केली. "माझा फुटला. आमचा दोघींचा नंबर एकच होता. नवीन करायला दुकानापर्यंत जाववत नाही मला."

"आहे. पाठवते."

"नीट गुंडाळून पाठव हो." मग मावशी म्हणाली, "आणि एक विचारायचं राहिलंय कधीचं. त्या दिवेवाल्याचं पुढे काय झालं?"

"कुणाचं?"

"अगं तो नाही का, समुद्रातला, दिवा लावणारा. तुझी आई रोज सांगायची. तू कामावर गेलीस की तिचा फोन यायचा. आदल्या दिवशी काय झालं ते सगळं. मला आधी वाटलं तुमच्या ओळखीतलं कुणी आहे! पंधरा दिवसांनी कळलं, टीव्हीतलं आहे म्हणून."

ती खुर्चीवर बसली. आईच्याच, कारण तीच जवळ होती.

"तो गेला, मावशी," ती म्हणाली. "दिवा विझवून बोटीनं गेला. दुसरं ताट भावाचं होतं."

"भावाचं? छे! भाऊ कुठून आला मध्येच?"

"तसंच आहे त्यात."

"मला तुझ्या आईनं भावाचं नाही सांगितलं. ती म्हणायची, ताट त्याच्या मुलीचं."

"मुलगी नाहीये त्याला."

"नाही कशी? पिवळा रेनकोट घालते ती! त्याच्याच घरात राहते. सारखी जिना चढते, उतरते, कपाटं उघडते, कामात असते. तुझी आई म्हणायची, मुलगी वाईट नाही गं, दमून येते. पण त्याच्याशी बोलत नाही. तो बिचारा रोज ताट मांडून बसतो, आणि ती त्याच्या समोरून निघून जाते."

हेडफोन आणल्यापासून आईला ऐकू येत होतं ते फक्त बटणांचं टकटक. पडद्यावर रोज दिसत होतं ते एवढंच: एक म्हातारा, एक जिना, एक पिवळा रेनकोट. इंग्रजीतला सरकारी हुकूम नाही, बोट कुठल्या खात्याची ते नाही, काही नाही. बाकीची गोष्ट आईनं आपल्या मनानं रचली होती, आणि चार महिने फोनवरून बहिणीला पुरवली होती.

"आमची दोघींची त्यावरून भांडणं व्हायची," मावशी सांगत होती. "मी म्हणायचे, ती नाही बोलायची. असल्या मुली असतात. तुझी आई म्हणायची, बोलेल, बघच तू. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाली, अजून बरंच राहिलंय ते, संपू दे." मावशीनं श्वास घेतला. "मग? बोलली का ती शेवटी?"

खोटं बोलणं सोपं होतं. मावशीनं काही तो गेम बघितला नसता. हो म्हणून टाकलं असतं, तर आई पैज जिंकली असती. तिच्या जिभेवर ते आलंही होतं.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "नाही बोलली."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" मावशी म्हणाली, पण तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. मग ती म्हणाली, "तुझ्या आईला आवडलं नसतं हे."

"हो."

"तू रडतेस का?"

"नाही."

"मग रड थोडं. मी आहे फोनवर."

ती रडली. मावशीनं पलीकडे काही विचारलं नाही, समजूत घातली नाही, फक्त मध्येच एकदा घसा साफ केला. मग चष्म्याची पुन्हा आठवण करून दिली आणि कान दुखतो म्हणून फोन ठेवला.

दहा मिनिटांनी तिनंच पुन्हा लावला.

"मावशी, आई अजून काय काय सांगायची त्याचं? पहिल्यापासून सांग ना."

"पहिल्यापासून म्हणजे पुष्कळ आहे गं. एक बकरी पण होती."

"बकरी नाहीये त्यात!"

"तुझ्या आईची होती. पांढरी. दिवेवाल्याच्या मागे मागे फिरायची." मावशीच्या मागून कसलंसं संगीत जोरात सुरू झालं. "हे बघ, आता माझी मालिका लागली. उद्या कर. दुपारी कर, तेव्हा मी मोकळी असते."

"बरं. उद्या करते."

फोन बंद झाला. बाहेर अजून उजेड होता. खालच्या अंगणात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, आणि पंपाचा तो फसफस आवाज थांबेपर्यंत ती त्या खुर्चीतून उठली नाही.