काकांचा स्टिरिओ आणि अण्णांची पौर्णिमा

घरमालकाने सांगितलेल्या कामाला भाडेकरू नाही म्हणू शकत नाही. करारात तसं लिहिलेलं नसतं, पण असतं. आणि करारच संपत आला असेल तर विचारूच नका.

धायरीतल्या त्या इमारतीत श्रीधरकाकांचे समोरासमोर दोन फ्लॅट. एकात ते आणि सरोजिनीकाकू. दुसऱ्यात अभय मोरे आणि त्याची बायको शर्मिला, तिला सातवा महिना. अभय हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. काकांनी त्याचा अर्थ असा लावला होता की आपल्या घरात वायर असलेली जी जी वस्तू आहे ती याची जबाबदारी. वायफाय काकांचं, भाड्यात धरलेलं, दोन्ही घरांत मिळून एकच. हा आपला मोठेपणा ते आल्या-गेल्याला ऐकवायचे.

लेकीने त्यांना टीव्हीला जोडायची ती इंटरनेटवरून गाणी-सिनेमे आणणारी डबी पाठवली. टीव्हीचा आवाज काकांना पत्र्यासारखा वाटायचा. त्यांना तो हवा होता जुन्या स्टिरिओतून. मंडईजवळचं घर विकून इकडे येताना हा स्टिरिओ त्यांनी टेम्पोत टाकू दिला नव्हता, रिक्षात मांडीवर घेऊन आले होते. वैशाख पौर्णिमेला सत्यनारायण, घरभर माणसं, प्रसादाच्या वेळी सनई वाजली पाहिजे. "तुम्हाला काय मोरे, दोन वायरी इकडच्या तिकडे," काका म्हणाले. "कराराचं पूजेनंतर दुसऱ्या दिवशी बसून करू."

दोन वायरी. डबी टीव्हीला, टीव्हीमागून ऑप्टिकल वायर, आणि स्टिरिओला मागे नुसती लाल-पांढरी भोकं. मधे कन्व्हर्टर लागतो. तो अभयने स्वतःसाठी आणलेला दिला. त्याच्याकडेही तशीच डबी होती, त्याच कंपनीची. फोनवर दोन्हींचं नाव सारखंच दिसत होतं. ते बदलायचं राहून गेलं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा माणूस हे विसरला, कारण त्याचं डोकं कराराच्या सहीत अडकलं होतं.

अडकणारच. फ्लॅट बघायला आला तेव्हा काकांनी विचारलं होतं, मोरे म्हणजे साताऱ्याकडचे ना? हो म्हणाला. खोटं नव्हतं. कोरेगाव साताऱ्यातच आहे. पुढचं काकांनी मनाने ठरवलं आणि अभयने ठरवू दिलं. त्याआधी कुठे गाव, कुठे कुलदैवत, इथपर्यंत चौकशी पोचली की रिकामी घरं 'कालच गेली' व्हायची. कुलूप लावलेली, आत झाडू मारून ठेवलेली घरं. शर्मिलाला या दिवसांत पुन्हा तसं जिने चढायला लावायचं नव्हतं. म्हणून बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर बेडरूममध्ये, दार उघडं राहिलं तरी दिसणार नाही अशा भिंतीवर.

अण्णा, म्हणजे अभयचे वडील भीमराव, एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पौर्णिमेला मुलाकडे आले. तसबीर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. पांढरा सदरा घातला, मेणबत्त्या लावल्या आणि म्हणाले, मोबाईलवरची वंदना टीव्हीवर लावून दे, बारक्या पडद्यावर भन्तेंचं तोंड दिसत नाही. अभयने दाखवलं: कोपऱ्यातलं हे चिन्ह, मग हे नाव. "आवाज फक्त हळू ठेवा, अण्णा."

"हळू म्हंजे? आपल्याच कानाला ऐकू यील येवढा तरी?"

उत्तर द्यायच्या आत समोरून काकूंची हाक आली. स्टिरिओ मुका झाला होता.

समोर पूजा उरकलेली, माणसं शिऱ्याची वाट बघत बसलेली. काका कपाळाला आठ्या घालून उभे. पाहुण्यांदेखत म्हणाले, आयटी म्हणजे असंच असतं वाटतं, उद्घाटनाला चालतं आणि कामाला नाही. लोक हसले. अभयही हसला, भाडेकरू हसतो तसा. त्याने सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा प्रकार बदलला, साधा स्टिरिओ केला. आवाज येतोय का बघायला स्टिरिओचं बटण अर्ध्याच्या पुढे फिरवलं.

आणि स्क्रीनवर बुद्धमूर्ती आली. स्टिरिओतून त्रिशरण सुरू झालं. उत्तम आवाज होता. काका म्हणत होते ते खरं होतं, टीव्ही त्याच्यापुढे पत्राच.

दोन सारख्या नावांतलं अण्णांनी काकांच्या डबीचं दाबलं होतं, ते अभयला कळलं. त्याने रिमोटने थांबवलं. दोन क्षणांत पुन्हा सुरू. तिकडे अण्णांना वाटलं असणार, आपलंच बोट नीट लागत नाही. तिकडे कूलरची घरघर, आवाज येत नाही म्हणून ते फोनवर वाढवत होते, आणि इथे स्क्रीनवरची आवाजाची पट्टी एकेक घर पुढे सरकत होती. अभय कमी करायचा, पट्टी परत चढायची. एवढ्या माणसांत त्या पट्टीमागचा अण्णांचा अंगठा एकट्या त्याला दिसत होता, ग्रीसने कायमचा काळा झालेला.

"बंद करा हो ते," काकू म्हणाल्या. "आज, सत्यनारायणासमोर."

सोफ्यावरून कुणीतरी तर्क लढवला. इमारतीमागच्या वस्तीतलं कुणी वायफायमध्ये घुसलं असेल, आज त्यांचं असतंच काहीतरी. सगळ्यांना पटलं. काका म्हणाले, "मोरे, शोधा कोण आहे तो. आणि पासवर्ड बदला. यांना एकदा वाट दिली की संपलं."

वाट मिळाली होती ती अभयला. पासवर्ड बदलायचा. चोर वस्तीतला. उद्या सही, शर्मिलाचे जिने वाचले. त्याने फोन काढलासुद्धा.

दारात अण्णा उभे होते. पांढरा सदरा, हातात मोबाईल, पायात चप्पल नाही. काकांचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"हितं वाजतंय व्हय? मी तिकडं नुसता दाबतोय." मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी मुलाकडे. "बंद करू का रे?"

काका अभयकडे बघत होते. काकांना कळायचं ते कळलं होतं, पण अभय नाही म्हणाला असता तर त्यांनी मानून घेतलं असतं. सोयीचं मानून घ्यायची सवय दोन्ही घरांना होती.

"नको," अभय म्हणाला. "पंचशील होऊ दे. काका, हे माझे वडील. वस्तीतलं कुणी नाही."

सभ्य माणसं होती. कुणी उठून गेलं नाही, कुणी हातही जोडले नाहीत. शिरा थाळ्यांत गार होत गेला. पंचशील संपल्यावर अण्णांनी स्वतःच बोट लावून थांबवलं. काकूंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, वरून, बोट न लागू देता.

करार संध्याकाळीच निकालात निघाला. काका जिन्यात भेटले. फार वाईट वाटतंय म्हणाले, पण पुतण्या येतोय, सलिल, बंगळूरहून कायमचा. फ्लॅट महिन्याभराने त्यालाच द्यावा लागणार. बाकी आमच्या मनात तसलं काही नाही हं. शर्मिलाने दारातून ऐकलं आणि आत जाऊन पेपर काढून बसली, भाड्याच्या जाहिरातींचं पान वर. अण्णांनी बेडरूममधली तसबीर उतरवून हॉलमध्ये लावली. महिनाभर तर महिनाभर, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काका. स्टिरिओ पुन्हा मुका झाला होता. काकूंनी घाबरून मागच्या सगळ्या वायरी उपटल्या होत्या. "तेवढं जोडून द्या ना मोरे. दोन वायरी तर आहेत."

अभयच्या मागे हॉलमध्ये तसबीर होती. काका तिच्याकडे न बघण्यासाठी पायपुसण्याकडे बघत होते.

"पुतण्या येतोय ना काका," अभय म्हणाला. "त्याला सांगा."