लाल पायांची पाणकोंबडी

मोघे सरांचा दीपमालाला पहिल्यांदा राग आला तो एका पक्ष्याच्या पायांवरून.

गंगापूर रोडवरच्या स्टुडिओत सरांनी पक्ष्यांच्या चित्रांची दोनशे वर्षांपूर्वीची पद्धत पुन्हा सुरू केली होती. काळ्या रेघांचं चित्र छापायचं, सरांनी रंगवलेला नमुना टेबलावर उभा करायचा आणि त्याच्याकडे बघून दीपमालासारख्या मुलींनी एकेक प्रत हातानं रंगवायची. जांभळ्या पाणकोंबडीचा नमुना आला तेव्हा दीपमाला हसलीच. पाय चक्क मातकट! सरांनी हा पक्षी पाहिला होता कुठे, तर कॉलेजच्या काचेच्या कपाटात, पेंढा भरलेला. मेल्यावर पायांचा रंग उडतो, एवढंही या शहाण्या माणसाला ठाऊक नसावं? दीपमालाचं सगळं लहानपण चापडगावला, धरणाच्या पाण्याकाठी गेलं होतं. तिनं पहिल्याच प्रतीवर सरळ लाल पाय रंगवले.

सरांनी कागद उलटा केला, मागे पेन्सिलीनं लिहिलं, 'रद्द. पाय चुकले.' आणि खाली सही ठोकली.

"सर, जित्या पाणकोंबडीचे पाय लालच असत्यात. लय बघितल्यात मी."

"तू रंग भर. पक्षी काय असतो ते मी बघतो."

रद्द झालेला कागद रंगवणारीनं घरी न्यायचा, हा सरांचाच नियम. हा कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला, का तर बाकीच्या मुलींना चूक दाखवायला! दीपमालानं दातओठ खात दोनशे प्रतींचे पाय मातकट केले. घरी आईसमोर तिनं सरांचा यथेच्छ उद्धार केला, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ब्रश हातात घेतला.

प्रदर्शनाच्या दिवशी ती हॉलमध्ये शिरली आणि जागीच थबकली. मधल्या भिंतीवर, फ्रेममध्ये, लाल पायांची पाणकोंबडी! डाव्या पायाच्या बोटावर तिचा ब्रश जरासा घसरला होता, ती खूणसुद्धा तशीच होती.

पक्ष्यांच्या अभ्यासक मालिनीताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. आगाऊ पाठवलेली प्रत पाहून पाय चुकल्याचं त्यांनीच आठवड्यापूर्वी सरांना फोनवर कळवलं होतं. त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. "मग ही एवढी बरोबर कशी?"

"ही माझ्या हातची," सर हसत म्हणाले. "बाकीच्या प्रती मुलींनी बिघडवल्या. कितीदा सांगितलं, ऐकतील तर ना!"

दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक बघत राहिले आणि तिनं फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागचा पुठ्ठा ओढून काढला आणि कागद मालिनीताईंच्या हातात दिला.

"मागचं वाचा, ताई. मोठ्यानं."

"'रद्द. पाय चुकले,'" मालिनीताईंनी वाचलं. मग सही पाहिली आणि सरांकडे पाहिलं.

"दीपमाला, अगं, हे आपण स्टुडिओत बोलू," सर घाईघाईनं म्हणाले.

"स्टुडिओत बोलले व्हते मी. तवा तुमाला ऐकायचं नव्हतं. रद्द कागद रंगवणारीचा, नियम तुमचाच हाय." तिनं कागद परत घेतला आणि रिकामी फ्रेम सरांच्या हातात दिली.

दाराशी विक्रीच्या प्रतींचा गठ्ठा होता. त्यावरून नजर गेली आणि तिला सरांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. खरं माहीत असूनही दोनशे पक्ष्यांना तिनं आपल्या हातानं मेलेल्याचे पाय दिले होते.